एका खुर्चीसाठी पाच स्पीकर

सिनेमागृहात आवाजाच्या दृष्टीने अचूक म्हणाव्यात अशा खुर्च्या मोजक्याच असतात. पडद्याच्या मध्यरेषेवर, हॉलच्या मध्यापासून थोडं मागे बसलेल्यांना आवाज जवळपास तसाच ऐकू येतो, जसा तो ध्वनिमिश्रण करताना दिग्दर्शकाने ऐकलेला असतो. उजव्या भिंतीला लागून बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळच एक स्पीकर असतो. पडद्यावर चहूकडे पाऊस कोसळत असला, तरी त्याच्यापुरता तो उजवीकडेच जास्त पडतो. शेकडो माणसांना एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी बसवून, सगळ्यांना आवाजाची दिशा बरोबर वाटेल असं काय करावं, हा सिनेमाच्या आवाजापुढचा कायमचा प्रश्न आहे.

घरातल्या कॉम्प्युटरपुढे एकच खुर्ची असते. ऐकणाऱ्याचं डोकं कुठे असणार हे टेप लावून मोजता येतं. सराउंड आवाजाला याहून सोयीची जागा कुठली? तरीही बहुतेक घरांत 5.1 चा संच आला की काय होतं ते आपण पाहतो. मागच्या दोन स्पीकरच्या वायरी पुरत नाहीत, म्हणून तेही मॉनिटरच्या शेजारी येऊन बसतात. मधला स्पीकर सीपीयूवर चढतो, सबवूफर जिथे जागा मिळेल तिथे सरकवला जातो, आणि पाच डबे समोरून एकदम वाजू लागतात. आवाज मोठा होतो, पण सभोवताली काहीच होत नाही. हे दुःख टाळता येण्यासारखं आहे आणि त्यासाठी आणखी महाग संच लागत नाही. लागतं ते अंतर आणि कोन यांचं थोडं भान. ते का लागतं हे कळायला आधी कानांकडे वळावं लागेल.

आपल्याला कान दोन, आणि त्यांच्यामध्ये डोकं. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे अगदी बाजूने आलेल्या आवाजातही दोन कानांमधला हा फरक जेमतेम 0.6 ते 0.7 मिलिसेकंद भरतो. सेकंदाचे दीड हजार तुकडे केले तर त्यातला एक. मेंदू एवढ्यावर थांबत नाही. सर्वोत्तम परिस्थितीत तो सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही ओळखतो. दुसरी खूण आवाजाच्या जोराची. डोकं मध्ये आल्यामुळे पलीकडच्या कानावर आवाजाची सावली पडते, पण ती फक्त वरच्या पट्टीतल्या आवाजांची. खालच्या पट्टीतल्या लहरी इतक्या लांब असतात की त्या डोक्याला वळसा घालून सहज पलीकडे जातात. इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये या दोन खुणांची विभागणी मांडली: साधारण 1500 हर्ट्झच्या खाली वेळेचा फरक कामाचा, वर जोराचा. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी तिचा गाभा टिकून आहे.

या दोन खुणांना एक मोठी मर्यादा आहे. आवाज समोर उजवीकडे 30 अंशांवर असो, की पाठीमागे तेवढाच उजवीकडे असो, दोन्ही कानांमधला वेळेचा आणि जोराचा फरक जवळपास सारखाच राहतो. मग पुढचं आणि मागचं आपण ओळखतो कसं? काही अंशी कानाच्या पाळीच्या वळणांमुळे. मागून येणाऱ्या आवाजातल्या वरच्या पट्ट्या पाळी थोड्या वेगळ्या रीतीने गाळते, आणि लहानपणापासून मेंदूला त्या गाळणीची सवय झालेली असते. पण सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे मान हलवणं. मान किंचित उजवीकडे वळवली की समोरचा आवाज डावीकडे सरकतो, मागचा उजवीकडे. आपण हे दिवसभर नकळत करत असतो.

पाठीमागे खराखुरा स्पीकर असण्याचं मोल इथे आहे. हेडफोनमध्येही गणिताने पाठीमागचा भास निर्माण करता येतो आणि अलीकडे तो बराच चांगला झाला आहे. पण मान वळवली की साधा हेडफोन डोक्याबरोबर वळतो, सगळं जगच त्याच्यासोबत फिरतं आणि मेंदूला हवी असलेली खूण मिळत नाही. डोक्याची हालचाल मोजणारे हेडफोन ही उणीव भरून काढतात, ते वेगळे. खोलीत ठेवलेला स्पीकर मात्र जिथे आहे तिथेच राहतो आणि मान हलली की आपण होऊन खरं उत्तर देतो.

दोन स्पीकरांमधून जागेचा भास निर्माण करण्याची पद्धत ज्याने पायाशुद्ध बांधली तो अ‍ॅलन ब्लूमलाइन हा इंग्रज अभियंता. डिसेंबर 1931 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने स्टिरिओचा पेटंट-अर्ज केला. आपल्या होणाऱ्या पत्नीबरोबर सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं, अशी हकीकत सांगितली जाते. दोन स्पीकरांतून सारखाच आवाज सोडला तर ऐकणाऱ्याला तो दोघांच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून येतो असं वाटतं. एका बाजूचा जोर वाढवला की हा आभासी आवाज तिकडे सरकतो. हे तत्त्व आजही प्रत्येक गाण्यात, प्रत्येक मोबाइलवर वापरलं जातं. 1942 मध्ये रडारची चाचणी घेत असलेलं विमान कोसळून ब्लूमलाइन गेला, तेव्हा तो चाळिशीतही पोचला नव्हता. त्याच्या पेटंटचं खरं चीज व्हायला त्यानंतर दीड दशक जावं लागलं.

ब्लूमलाइनच्या पेटंट-अर्जाच्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतली मंडळी दुसऱ्या टोकाने या प्रश्नाला भिडली होती. एप्रिल 1933 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात चाललेलं वाद्यवृंदाचं वादन टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं, दोन नव्हे तर तीन मार्गांनी: डावा, मधला, उजवा. मधला मार्ग हवा होता तो सभागृहात बसलेल्या गर्दीसाठी. दोन स्पीकरांमधला आभास मध्यरेषेवर बसलेल्यालाच नीट जाणवतो. कडेला बसलेल्याला जवळचा स्पीकर आधी ऐकू येतो आणि सगळा आवाज त्याच्यातूनच येतोय असं वाटतं. मध्ये एक खरा स्पीकर बसवला की गायिका सगळ्यांसाठी मधोमध उभी राहते. सिनेमाने पुढे हीच रचना उचलली आणि संवादांचं घर कायम मधल्या स्पीकरात राहिलं.

1940 मध्ये डिस्नेच्या ‘फँटेजिया’साठी आवाज प्रेक्षकांच्या भोवती नेण्याची खास यंत्रणा बनवली गेली. ती इतकी खर्चिक होती की मोजक्याच सिनेमागृहांत बसली. पुढे 70 मिलिमीटरच्या फिल्मवर चुंबकीय पट्ट्यांतून सहा मार्ग आले. आपल्याकडे 1975 च्या ‘शोले’ने मुंबईच्या मिनर्व्हात हा अनुभव वर्षानुवर्षं लोकांना दिला. त्या काळी सहापैकी पाच मार्ग पडद्यामागे असत आणि सभोवतीसाठी एकच. 1979 च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये मागचा आवाज डावा आणि उजवा असा वेगळा केला गेला, आणि सुरुवातीचं हेलिकॉप्टर प्रेक्षकांच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागलं. आजच्या 5.1 चा साचा तिथे दिसतो: समोर तीन, मागे दोन, आणि गडगडाटासाठी एक राखीव मार्ग. या शेवटच्या मार्गात फक्त 120 हर्ट्झपर्यंतचाच आवाज असतो, म्हणून त्याची गणना दशांशात. 1992 पासून हे सगळं डिजिटल झालं, डीव्हीडीबरोबर घरात आलं आणि तिथून कॉम्प्युटरच्या टेबलावर.

आता टेबलाकडे येऊ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत 5.1 चे कोन ठरवून दिले आहेत. ऐकणाऱ्याचं डोकं वर्तुळाच्या मध्यावर धरायचं. मधला स्पीकर नाकासमोर, डावा-उजवा प्रत्येकी 30 अंशांवर, आणि सराउंडचे दोन 100 ते 120 अंशांच्या दरम्यान. म्हणजे ते पाठीमागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नसून कानांच्या रेषेपासून जरासे मागे, जवळपास बाजूलाच असतात. पाचही स्पीकर त्याच वर्तुळावर, म्हणजे डोक्यापासून सारख्याच अंतरावर. संचाच्या खोक्यावरच्या चित्रात स्पीकर खोलीच्या चार कोपऱ्यांत दाखवलेले असतात, ते चित्र सोफ्यावर बसून टीव्ही पाहणाऱ्याचं असतं.

सारख्या अंतराचा आग्रह का, ते आकड्यांत पाहू. समोरचे स्पीकर डोक्यापासून 70 सेंटिमीटरवर आहेत आणि मागचे दोन कपाटावर, 2 मीटरवर. मोकळ्या हवेच्या हिशोबाने मागच्यांचा आवाज कानाशी येईपर्यंत 9 डेसिबलने कमी झालेला असतो, म्हणजे ऊर्जा एक अष्टमांश. शिवाय तो जवळजवळ 4 मिलिसेकंद उशिरा पोचतो. जर्मनीत हेल्मूट हास यांनी 1949 मध्ये आपल्या प्रबंधात दाखवलं होतं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या मिलिसेकंदांच्या फरकाने आला तर मेंदू आधी आलेल्याची दिशा धरतो, नंतरचा जास्त जोराचा असला तरीही. तेव्हा समोर आणि मागे वाटून दिलेला आवाज, म्हणजे पाऊस, गर्दी, टाळ्या, कपाटावरच्या स्पीकरांची आवाजपातळी वाढवूनही समोरच चिकटून राहतो. कपाटावरचे स्पीकर वाजत असतात, ऐकू मात्र येत नाहीत.

उपाय दोन. मागचे स्पीकर जवळ आणावेत: खुर्चीच्या दोन्ही अंगांना उभ्या स्टँडवर, कानाच्या उंचीपेक्षा किंचित वर. लहान खोलीत पलंग आणि टेबल शेजारीशेजारी असतात, तिथे एका बाजूला भिंतीवर खिळा आणि दुसऱ्या बाजूला स्टँड असंही चालतं. अंतर तेवढं राखायचं. दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा. अनेक मदरबोर्डांच्या ध्वनी-पॅनलमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि जोर भरायची सोय असते. नसली तर ‘इक्वलायझर एपीओ’ हा मोफत प्रोग्रॅम प्रत्येक मार्गाला हवा तेवढा विलंब देतो. वरच्या उदाहरणात समोरच्या स्पीकरांना 4 मिलिसेकंद थांबवून ठेवलं आणि मागच्यांचा जोर वाढवला की पाठीमागचं जग उघडतं. संध्याकाळच्या अर्ध्या तासाचं काम आहे, आणि माझ्या मते नव्या संचावर दहा हजार रुपये घालण्यापेक्षा त्यातून जास्त मिळतं.

मधल्या स्पीकरबद्दल मात्र कॉम्प्युटरपुढे फार जीव टाकायची गरज नाही. तो गर्दीसाठी होता. इथे माणूस एकटा आणि मध्यरेषेवर असतो, त्याला ब्लूमलाइनचा आभासी मध्य स्वच्छ ऐकू येतो. एके काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत 4.1 चे संच चालत, ते या अर्थाने शहाणपणाचे होते. पाचव्या डब्याचे पैसे वाचवून उरलेले चार बरे घेता येत. 5.1 चा संच असेल आणि मधला स्पीकर मॉनिटरमागे लपून संवाद दबून जात असतील, तर कॉम्प्युटरला ‘मधला स्पीकर नाही’ असं सांगून टाकावं. विंडोज त्याचा वाटा डाव्या-उजव्यात वाटून देतं, आणि पात्रं मॉनिटरच्या मधोमध बोलू लागतात.

सबवूफरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. खालच्या पट्टीतल्या आवाजाची दिशा कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवा, असं सगळे सांगतात. हे 80 हर्ट्झच्या खाली खरं आहे. 80 हर्ट्झची लहर 4.3 मीटर लांब असते, तिला आपलं डोकं दिसतही नाही. पण कॉम्प्युटरच्या संचातले लहान स्पीकर अडीच-तीन इंचांचे असतात. त्यांना साधारण 150–200 हर्ट्झच्या खाली दम राहत नाही, आणि तिथपर्यंतचं काम सबवूफरकडे येतं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सुमारे 85 ते 180 हर्ट्झ. म्हणजे नायकाच्या आवाजाचा पाया सबवूफरमधून येतो. तो पाठीमागच्या कोपऱ्यात ठेवला तर ओठ समोर आणि छातीतला आवाज मागे, असं विचित्र दुभंगलेपण जाणवतं. ते अनेकांना जाणवतं, फक्त कारण सापडत नाही. लहान स्पीकरांच्या संचात सबवूफर समोरच असावा, टेबलाखाली, मध्याच्या जितका जवळ जमेल तितका.

कोपरा टाळायचं आणखी एक कारण म्हणजे खोली. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 47 आणि 56 हर्ट्झच्या लहरी स्वतःच उभ्या राहतात. त्या स्वरांवर खोली घुमते. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर त्यांना सगळ्यात जास्त चेतवतो, आणि प्रत्येक स्फोट, प्रत्येक ढोल एकाच स्वरात ‘भुम्म’ करतो. जाणकारांची एक युक्ती इथे कामी येते. सबवूफर तात्पुरता खुर्चीवर, आपण बसतो तिथे ठेवायचा, खालच्या स्वरांचं एखादं संगीत लावायचं, आणि टेबलाखालच्या शक्य त्या जागांवर कान खाली नेऊन ऐकायचं. जिथे स्वर वेगवेगळे आणि सारख्या जोराने ऐकू येतील ती सबवूफरची जागा. बसायची आणि वाजवायची जागा अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते.

सदनिकेत राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वरच्या पट्टीतला आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, सबवूफरचा फारसा नाही, आणि तो जमिनीवर थेट टेकलेला असला तर थरथर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. खाली जाड रबर किंवा फोम घातला की ती बरीच कमी होते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. नियम बाजूला ठेवला तरी, खालच्या घरात दहावीचा मुलगा अभ्यास करत असताना आपल्या स्फोटांनी त्याचं टेबल हलू नये, एवढं आपल्या हातात असतं.

खरेदीबद्दल थोडक्यात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत पीएमपीओ म्हणून हजारो वॉट छापलेले असतील तर त्यांना काही अर्थ नाही, तो आकडा मोजण्याची कुठलीही ठरलेली पद्धत नाही. आरएमएस वॉट पाहावेत, आणि तेही फार नकोत. मध्यम प्रतीचा स्पीकर 1 वॉटवर 1 मीटर अंतराला 85 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. 70 सेंटिमीटरवर तो 88 होतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने कामगारांसाठी 85 डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे, आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे टेबलावरच्या एका स्पीकरमधला एक वॉटदेखील चार तासांत कानांची मर्यादा गाठतो. वाढीव वॉट लागतात ते क्षणिक धमाक्यांसाठी, आणि ते मुख्यतः सबवूफरला.

वायरींकडे मात्र बारकाईने पाहावं. डेस्कटॉपच्या मागे हिरवी पिन समोरच्या जोडीची, काळी मागच्या जोडीची, केशरी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची. पाठीमागे तीनच भोकं असतील तर निळं आणि गुलाबी भोक सॉफ्टवेअरमधून आउटपुट म्हणून वापरता येतं. संवाद सबवूफरमधून घोगरे येऊ लागले, तर केशरी पिनमधले दोन मार्ग उलटे जोडले गेले आहेत असं समजावं. बऱ्याच ध्वनी-पॅनलमध्ये ते बदलण्याची खूण असते. लॅपटॉपला सहसा एकच भोक असतं, तिथे यूएसबी साउंड कार्ड घ्यावं, किंवा एचडीएमआय लावता येईल असा अ‍ॅम्प्लिफायर. एचडीएमआयमधून आठ मार्ग न दाबता जातात. ऑप्टिकल केबल दिसायला आधुनिक, पण तिच्यात न दाबलेले दोनच मार्ग मावतात. सिनेमातला आधीच डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबलेला 5.1 आवाज तिच्यातून जातो. गेमचा आवाज त्या क्षणी तयार होतो, तो तसाच तिच्यातून जाणार नाही, त्याला त्याच क्षणी डॉल्बीत बांधणारं कार्ड लागतं. आणि ब्लूटूथवरून 5.1 संच वाजवणाऱ्यांसाठी: नेहमीचं ब्लूटूथ संगीत दोन मार्गांचं असतं. पाचही स्पीकर वाजले तरी ऐकू येतो तो स्टिरिओच.

संच जोडल्यावर सतत बारीक गुणगुण येत असेल तर ती बहुधा विजेच्या 50 हर्ट्झची असते. कॉम्प्युटर आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की अर्थिंगच्या दोन वाटांचं वेटोळं तयार होतं आणि ते ही गुणगुण पकडतं. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणावेत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नये. गुणगुण जाईल, पण यंत्रात बिघाड झाला तर शॉकपासून वाचवणारी वाटही जाईल.

या सगळ्यानंतर सराउंडमध्ये ऐकायचं काय? गाणी जवळपास सगळी स्टिरिओ आहेत, आणि 1950 च्या दशकातली आपली चित्रपटगीतं तर मोनो. ‘स्पीकर फिल’सारख्या सोयी स्टिरिओ आवाज मागच्या स्पीकरांना पुरवतात. घरात साफसफाई चालली असताना ते ठीक आहे, पण लक्ष देऊन ऐकायचं गाणं समोरच्या दोन स्पीकरांवरच ऐकावं. पाठीमागून येणारी तीच गायिका गाण्याला काहीही देत नाही. सिनेमा 5.1 मध्ये मिळतो, पण त्यात मागचे मार्ग बराच वेळ शांत असतात आणि ते योग्यच आहे, कारण गोष्ट पडद्यावर घडत असते.

पाठीमागे खरोखर काही घडतं ते गेममध्ये. सिनेमाचा आवाज स्टुडिओत एकदाच मिसळून गोठवलेला असतो. गेममध्ये कॉम्प्युटरला प्रत्येक पावलाची, प्रत्येक गोळीची जागा माहीत असते, खेळणाऱ्याचं तोंड कुठे आहे तेही माहीत असतं, आणि कुठल्या स्पीकरला किती आवाज द्यायचा हे तो सेकंदात अनेकदा नव्याने मोजतो. खेळणारा वळला की सगळा आवाज त्याच्याभोवती वळतो. हे घरगुती कॉम्प्युटरवर जोरात आलं ते 1998 च्या सुमारास. ऑरिअल या कंपनीचं ‘ए3डी’ तंत्र अमेरिकेच्या नासासाठी झालेल्या कामातून वाढलं होतं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत भिंतींचा आकार लक्षात घेऊन प्रतिध्वनी मोजले जात. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने त्याच वर्षी ‘साउंड ब्लास्टर लाइव्ह!’ हे चार स्पीकर चालवणारं कार्ड आणलं. त्याचं ‘ईएएक्स’ तंत्र बोगद्यात बोगद्यासारखा आणि सभागृहात सभागृहासारखा घुमारा देई. ‘हाफ-लाइफ’ आणि ‘थीफ’ हे गेम तेव्हा चांगल्या चार स्पीकरांवर खेळलेले लोक आजही त्या आवाजाबद्दल बोलतात. ‘थीफ’मध्ये अंधारात लपायचं असतं आणि पहारेकरी कुठून येतोय हे डोळ्यांआधी कानांना कळतं.

पुढचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. क्रिएटिव्हबरोबरच्या पेटंटच्या खटल्यात ऑरिअल जिंकली, पण न्यायालयीन खर्चाने दिवाळखोर झाली आणि 2000 मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. 2007 मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने साउंड कार्डाला थेट काम देण्याची जुनी वाट बंद केली आणि ईएएक्सचा काळ संपत गेला. दिशा मोजण्याचं काम कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर आलं. काही वर्षं गेमचा आवाज मागे सरकला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आज प्रोसेसर इतके वेगवान आहेत की ती उणीव भरून निघाली आहे.

दरम्यान सिनेमानेच गेमची वाट धरली. 2012 मध्ये आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये सगळाच आवाज ठरावीक स्पीकरांना आधी वाटून दिलेला नसतो. अनेक आवाजांबाबत हा आवाज आणि ही त्याची जागा, एवढंच साठवलेलं असतं. त्या हॉलमध्ये असलेल्या स्पीकरांवर तो कसा मांडायचा हे तिथला प्रोसेसर ऐनवेळी ठरवतो. म्हणून आता स्पीकरांच्या संख्येपेक्षा ते कुठे आहेत हे यंत्राला खरं सांगणं महत्त्वाचं ठरतं. विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये आपल्याकडे नसलेली 7.1 ची रचना निवडली, तर बाजूच्या दोन स्पीकरांसाठीचा आवाज कुठेच वाजत नाही. पाच असतील तर पाच, चार असतील तर चार, असं नीट निवडून प्रत्येक स्पीकरची चाचणी एकेक करून ऐकावी.

शेवटची तपासणी गेममध्येच करावी. एका जागी सतत आवाज करणारं काही शोधावं, धबधबा, शेकोटी, चालू जनरेटर. त्याच्यापासून चार पावलांवर उभं राहून माउसने सावकाश पूर्ण फेरी घ्यावी. आवाज समोरून खांद्याकडे, खांद्याकडून पाठीमागे आणि पुन्हा समोर असा फिरला पाहिजे. कानाच्या बाजूला तो थोडा अस्थिर होईल, ते स्वाभाविक आहे, कारण पुढच्या आणि मागच्या स्पीकरांमधला आभासी आवाज बाजूला नीट ठरत नाही. 7.1 मध्ये बाजूला आणखी दोन स्पीकर देतात ते त्यासाठीच. पण मागे गेल्यावर आवाज एकदम खोल गेला तर मागच्यांचा जोर वाढवावा. एका अंगाला तो उडी मारून पुढे गेला तर त्या बाजूचा स्पीकर हाताने थोडा मागे सरकवावा आणि पुन्हा एक फेरी घ्यावी.